आगाप छाटणी

चाळीस दिवसांत माझ्या मुलाला सहाशे इंग्रजी शब्द आले, शंभरापासून उलटे आकडे आले आणि माझी एकही खूण त्याच्याकडे शिल्लक राहिली नाही. हे मी रागाने लिहिते आहे. जरा शांत झाल्यावर लिही, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. त्यांच्या पोरांना कुणी हात लावलेला नाही, म्हणून त्यांना शांतता सुचते.

माझं नाव स्वरा. नाव ठेवलं तेव्हा मला ऐकू येत नाही हे आईबापांना ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर बदलायचं राहून गेलं. मी तासगावात द्राक्षाच्या काड्या तपासते. छाटणीच्या आधी बागायतदार काड्यांच्या मोळ्या घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे जिथून नवी फूट निघते तो उंचवटा, ब्लेडने चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि कोणत्या डोळ्यात घड दडलाय, कोणता वांझ आहे, ते सांगते. मग काडी कितव्या डोळ्यावर कापायची ते बागायतदार ठरवतो. न तपासता कात्री चालवली तर वर्षाचा माल जमिनीवर पडतो, आणि पडलाय हे फुटी निघेपर्यंत कळतही नाही.

ऋतुराज असाच मोळी घेऊन आला होता. तीनदा आला. चौथ्यांदा काड्या न घेताच आला, पण खुणांची दहा-बारा वाक्यं शिकून आला. त्याला ऐकू येतं, बोलता येतं, त्याला काय गरज होती? तरी शिकला. मी भुलले आणि लग्न केलं. ऐकणाऱ्यांच्या घरात वावरायला माझ्याकडे चष्मा आहे. समोरचा बोलला की काचेवर अक्षरं उमटतात. त्यामुळे सासरे काय म्हणतात, शेजारीण काय म्हणते, सगळं मला वाचता येतं. मोडक्या मराठीतलं मोडकं आणि खोटं बोललेलं खोटंच वाचता येतं.

आमचा मुलगा अगस्त्य. आम्ही त्याला अगू म्हणतो. त्याला ऐकू येतं. पण नऊ महिन्यांचा असताना त्याने पहिला शब्द केला तो हाताने, आणि तीन वर्षांचा होईपर्यंत तो माझ्याशी दिवसभर बडबडायचा. कुत्र्याने काय केलं, मुंगी कुठे गेली, आजोबा झोपेत कसे तोंड उघडतात. हे सगळं खुणांनी. तोंडाने मात्र जेमतेम वीस शब्द. दोन भाषांच्या घरातल्या एखाद्या मुलाची एक भाषा मागून येते, येते हे नक्की. पण सासऱ्यांना धीर नव्हता. आप्पांची पन्नास वर्षं द्राक्षबागेत गेली आहेत. एकदा जेवताना ते ऋतुराजला म्हणाले आणि माझ्या काचेवर उमटलं:

“एका डोळ्यातनं दोन फुटी निघाल्या तर एक खुडाय लागती. दोन ठिवल्या की एकबी जोमात येत न्हाई. पोराची ताकद त्या हातवाऱ्यात चाललीया.”

मी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं. मला वाचता येतं हे ते विसरले होते, किंवा त्यांना फिकीर नव्हती. ऋतुराज खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

मग माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, बेळगावला. मला सात आठवडे जावं लागणार होतं. ऋतुराज म्हणाला, अगूला दवाखान्यात कशाला नेतेस, जंतू असतात, मी आहे ना. खरं वाटलं. तिथून मी रोज व्हिडिओ लावायला सांगायची. मी मुलाशी दुसरं कसं बोलणार? रोज उत्तर यायचं की रेंज नाही, आणि सोबत एक फोटो. हसरा अगू, जेवणारा अगू. सात आठवड्यांत त्याचे हात हललेले मला एकदाही दिसले नाहीत. मी मूर्ख, मी फोटोवर समाधान मानलं.

परत आले तेव्हा अगू पळत आला. मिठी मारली. आई कोण हे त्याला पक्कं आठवत होतं. मी खाली बसून विचारलं, “जेवलास? काय जेवलास?” त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. आपण डास हाकलणाऱ्या माणसाकडे बघतो तसं. मग तो माझ्या चष्म्याकडे तोंड करून बोलू लागला आणि काचेवर ओळींमागून ओळी आल्या. मराठीत, मध्येच इंग्रजीत, स्वच्छ, व्याकरण शुद्ध. दारात आप्पा, शेजारची दोन माणसं आणि ऋतुराज उभे होते, आणि सगळ्यांचे चेहरे बक्षीस मिळाल्यासारखे होते. मी पुन्हा विचारलं, सावकाश. पुन्हा तेच. त्याचे डोळे चांगले होते, माझे हात त्याला दिसत होते. त्यात काही म्हटलेलं आहे, हेच त्याला कळत नव्हतं.

मी पाणी मागितलं.

फडताळात खोका सापडला. ‘मेधांकुर. तीन ते साडेतीन वर्षांच्या बालकांसाठी.’ नाकात सोडायचे थेंब, कानाला लावायचे हेडफोन, एक पडदा. वर द्राक्षाच्या वेलीचं चित्र आणि खाली ओळ: ‘बागेची आगाप छाटणी ज्याला कळते, त्याला बाळाच्या बुद्धीचीही कळते.’ आगाप म्हणजे हंगामाच्या आधी. आमच्या भागात आगाप छाटणीचं भारी वेड. आधी छाटलं की माल आधी येतो. कंपनीने आमचा भाग बरोबर हेरला होता.

यामागचं विज्ञान मला समजलं, कारण ते लपवण्यासारखं नाही. जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत पेशी बहुतेक तयार असतात, पण पेशीपेशींमधल्या जोडण्या व्हायच्या असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या बेसुमार फुटतात. मेंदूच्या काही भागांत तर मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट होतात. इतक्या काही ठेवायच्या नसतात. ज्या जोडणीतून रोज संदेश जातो ती बळकट होते. जी नुसती पडून राहते तिच्यावर एका प्रथिनाचा शिक्का बसतो, आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन ती खाऊन टाकतात. निसर्ग हे काम सावकाश करतो, पार विशीपर्यंत करत राहतो. प्रत्येक भागाचा आपला एक हंगाम असतो, आणि तो सरत आला की पेशींभोवती बारीक जाळी बसते. त्यानंतर तिथे फारसा फेरफार होत नाही.

मागच्या शतकात मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला होता. ऐन हंगामात पिल्लाच्या एका डोळ्याची पापणी शिवून टाकली. काही आठवड्यांनी टाके काढले तेव्हा डोळा धडधाकट होता, पण पिल्लाला त्याने दिसत नव्हतं. त्या डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या मेंदूने मोडीत काढल्या होत्या आणि त्यांची जागा दुसऱ्या डोळ्याला दिली होती.

मेधांकुरचे थेंब तो शिक्का भराभर बसवतात. पंधरा वर्षांची छाटणी चाळीस दिवसांत. त्या चाळीस दिवसांत मुलाला जे ऐकवाल-दाखवाल ते राहतं, जे मिळणार नाही ते जातं. त्यानंतर पन्नासाव्या दिवशी दुसरा डोस, ज्याला माहितीपत्रकात ‘कुलूप’ म्हटलं होतं. त्याने जाळी लवकर बसते, हंगाम बंद होतो आणि उरलेलं पक्कं होतं. मी घरी पोचले तो एक्केचाळिसावा दिवस होता. माझ्या हातात नऊ दिवस होते.

ऋतुराजला मी मागच्या अंगणात नेलं. आम्ही खुणांनीच भांडलो. आमच्या भाषेत भांडण दुरून दिसतं, त्यामुळे शेजारी छपरावर आले.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं. “मी बेळगावात असताना करायचं, हे तू ठरवलंस.”

“मेधांकुरच्या डॉक्टर म्हणाल्या, चाळीस दिवस घरात गोंधळ नको. एकच भाषा हवी.”

“गोंधळ? मी गोंधळ?”

“तो शाळेत मागे पडला असता, स्वरा. सगळे हसले असते. आता तो पुढे आहे. आणि तुझं काय गेलं? तो बोलतो, तुझ्या काचेवर येतं. तू टाइप करतेस, फोन बोलतो. काय अडतंय?”

काय अडतंय, हे त्याने मला खुणांमध्ये विचारलं. ज्या भाषेत त्याने मला मागणी घातली त्या भाषेत. मी त्याला थोबाडीत मारली. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आप्पांनाही मी विचारलं, फोनवर टाइप करून. आप्पा, तुम्ही जन्मात कधी काडी न तपासता छाटणी केली आहे का? फोनने ते मोठ्याने वाचलं. आप्पा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. मग काचेवर आलं, “त्या हातवाऱ्यात घड आसंल आसं वाटलंच न्हाई, पोरी. वांझ फूट वाटली.” ते खरं बोलत होते आणि त्यानेच मला जास्त संताप आला. हाच माणूस दरवर्षी माझ्या टेबलापुढे तासभर उभा राहतो आणि एकेका डोळ्याचा हिशेब मागतो.

दुसऱ्या दिवशी मी अगूला घेऊन सांगलीला मेधांकुरच्या केंद्रात गेले. ऋतुराज मागे मागे आला. तिथल्या प्रमुख डॉ. कुंटे. केस आखूड, आवाज बहुतेक गोड असावा, कारण बोलताना त्या मान तिरकी करत होत्या.

“स्वराताई, तुमचा गैरसमज होतोय,” काचेवर आलं. “आम्ही कुठलीच भाषा काढत नाही. फॉर्ममध्ये रकाना आहे, ‘राखायच्या भाषा’. पालक जितक्या लिहितील तितक्या आम्ही रोज अर्धा अर्धा तास देतो. तेवढ्याने त्या टिकतात. कुणी कानडी लिहितं, कुणी संस्कृत लिहितं. एका घरातून तुळू आली होती.”

त्यांनी आमचा फॉर्म पुढे सरकवला. ऋतुराजच्या अक्षरात: मराठी, इंग्रजी. बस्स. रोज अर्धा तास. अगूसमोर अर्धा तास कुणी हात हलवले असते, माझा एखादा जुना व्हिडिओ जरी लावला असता, तरी माझं मूल माझ्याशी बोलत राहिलं असतं. औषधाने ते नेलं नाही. माझ्या घरातल्या दोन माणसांना ती भाषा म्हणून लिहायचं सुचलं नाही, म्हणून गेलं.

मी ऋतुराजकडे बघितलं. तो म्हणाला, “आप्पा म्हणाले, हे काय लिहायचं.” मग हात खाली सोडले.

“आणि माझी संमती?” मी टाइप केलं. “आईची संमती लागते ना?”

“आहे की,” डॉक्टर म्हणाल्या. “चित्रित केलेली आहे. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून दुभाषी वापरायची सोय आहे. यजमानच होते दुभाषी.”

त्यांनी पडद्यावर चित्रण लावलं. बेळगावला निघायच्या आदल्या आठवड्यात गावात आलेली एक गाडी मला आठवली. पडद्यावर त्याच गाडीत मी बसले आहे. केंद्राची एक बाई काहीतरी लांबलचक वाचते आहे. ते आत्ता माझ्या काचेवर उमटलं, त्यात छाटणी होती, कुलूप होतं, सगळं होतं. तेव्हा मला चष्मा काढून ठेवायला सांगितला होता, प्रकाश चमकतो म्हणून. मग ऋतुराज माझ्याकडे वळतो आणि त्याचे हात म्हणतात, “अगूची लस राहिलीय. आज देऊया ना?” आणि पडद्यावरची मी मान डोलावते, हसते आणि सांगते, “हो, लवकर द्या.”

खोलीत आम्ही तिघं मोठी माणसं होतो, आणि त्या चित्रणात काय म्हटलंय हे दोघांना कळत होतं. डॉक्टर समाधानाने माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या लेखी तो पुरावा होता. मी त्याचं एकेक वाक्य टाइप करून फोनला मोठ्याने वाचायला लावलं. लस. राहिलीय. आज देऊया ना. डॉक्टरांची मान सरळ झाली.

ऋतुराजने ते नाकारलं नाही. खुणांची भाषा त्याच्याइतकी चांगली आमच्या गावात दुसऱ्या कुणालाच येत नाही, माझ्याखेरीज. माझं तोंड म्हणून मी त्याला नेमलं होतं. त्याने माझ्या तोंडातून हो काढलं.

त्यानंतर डॉक्टर फार लगबगीने कामाला लागल्या. ऋतुराजला त्यांनी बाहेर पाठवलं. मग मला म्हणाल्या, हंगाम अजून उघडा आहे. कुलूप देऊ नका. त्याऐवजी पहिला डोस पुन्हा देता येईल, उलट बाजूने. चाळीस दिवस मूल फक्त तुमच्याकडे. आवाज बंद, फक्त खुणा. जोडण्या नव्याने फुटतात या वयात, खुणा झपाट्याने येतील. “बोलणं बरंचसं जाईल,” काचेवर उमटलं, “पण ते नंतर हळूहळू शिकता येतं. यजमानांना कळवायची गरज नाही. तुम्ही आई आहात. आणि हे प्रकरण आपण इथेच मिटवू.”

त्यांनी कोरा फॉर्म ठेवला आणि पेन ठेवलं.

खोटं कशाला सांगू, मला ते हवं होतं. तोंडाला पाणी सुटावं तसं हवं होतं. चाळीस दिवस मी आणि अगू. आणि एक्केचाळिसाव्या दिवशी त्याने आप्पांच्या हलत्या ओठांकडे बघावं, जसं माझ्या हातांकडे बघितलं तसं. ऋतुराजने हाक मारावी आणि त्याने मान वळवू नये. त्यांना कळू दे काय अडतं ते. मी नाव लिहिलं, वय लिहिलं. ‘राखायच्या भाषा’ या रकान्यात लिहिलं: खुणांची भाषा. आणि तिथेच थांबले, पुढे स्वल्पविराम दिला नाही.

ऋतुराजचा फॉर्म अजून शेजारीच पडला होता. तोच रकाना. त्याच्यात माझी भाषा नव्हती, माझ्यात त्याची नव्हती. मुलाचं नाव दोन्हींवर एकच होतं.

मी माझा फॉर्म फाडला. मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात. माझा राग तसाच होता, आजही आहे. पण त्या मुलाच्या डोक्यात एकदा कात्री जाऊन आली होती, आणि दुसऱ्यांदा ती माझ्या हाताने जाणार नव्हती. कुलूप नको, उलट डोसही नको, असं मी लेखी दिलं. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. प्रकरण मिटलं असं त्यांना वाटलं असावं. मी तिथून निघाले ती, पडद्यावर चालू असताना फोनमध्ये उतरवलेलं चित्रण घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तक्रारीत केंद्राचं नाव घातलं, डॉक्टरांचं घातलं, माझ्या नवऱ्याचंही घातलं. लिहून घेणाऱ्या हवालदाराने दोनदा विचारलं, “नवऱ्याचं बी घालू?” मी दोनदा मान हलवली. केंद्राला सध्या टाळं आहे. खटला चालेल तेव्हा चालेल.

अगूला घेऊन मी प्रयोगशाळेच्या वरच्या खोलीत राहायला आले. ऋतुराज रविवारी येतो. येताना खाली मान घालून येतो आणि मी ती वर करायला सांगत नाही.

कुलूप न दिल्याने जे होणार होतं ते झालं. दोन महिन्यांत अगूचं इंग्रजी गळून गेलं. शंभरापासून उलटे आकडे साठाशी येऊन अडखळू लागले. बोलणं राहिलं, पण त्याच्या वयाच्या पोराचं असतं तसं, बोबडं, चुकत-माकत. गावात म्हणतात, आईने पोराचं वाटोळं केलं, पुढे गेलेलं पोर मागे ओढलं. म्हणू देत. खुणा मात्र येत नव्हत्या. मी सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर बसायची. भात, चेंडू, मांजर. तो नक्कल करायचा, माकड करतं तशी, आणि पाठ फिरवली की विसरायचा. चार महिने असे गेले. मी खोलीत असताना मुद्दाम चष्मा काढून ठेवायची, म्हणजे बोलून त्याचं भागू नये. ते क्रूर होतं का? असेल. मला दुसरं काही येत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी काड्यांची गर्दी सुरू झाली. एका दुपारी मी वरच्या खोलीतच खिडकीशी काड्यांचे डोळे चिरत बसले होते आणि अगूने टेबलावरून ब्लेड उचललं. त्यालाही काडी कापायची होती. मी ते काढून घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. तो ओरडला. तोंड वासून, शिरा ताणून ओरडत असणार. मला काय त्याचं? मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग जमीन हादरली. तो पाय आपटत होता. मला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी मान वर केली.

तो लाल झाला होता. नाकातून शेंबूड, डोळ्यांत पाणी. आणि त्याने हात वर केले. “तू वाईट,” तो म्हणाला. भुवया खाली, गाल फुगलेले, मान पुढे. आमच्या भाषेचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं होतं. “माझं दे. तू जा. तू नको.”

नक्कल नव्हती ती. असलं वाक्य मी त्याला कधी केलं नव्हतं. ते त्याने स्वतः जुळवलं होतं, मला लागावं म्हणून.

मला लागलं, आणि मला इतका आनंद झाला की हातातली काडी मोडली. पण ब्लेड ते ब्लेड. मी स्टूल सरकवून त्याच्यासमोर जमिनीवर बसले. “देणार नाही,” मी म्हटलं. “बोट कापेल. तू लहान आहेस.”

“लहान नाही,” तो म्हणाला.

“आहेस.”

“नाही. तू लहान.”

खाली बागायतदार मोळ्या घेऊन खोळंबले होते. त्यांना तसंच ठेवून आम्ही दोघं चांगले अर्धा तास भांडलो.